वासरू कशाला तोंड लावणार?

मकर संक्रांतीच्या रात्री सोलापूरच्या होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. सिद्धेश्वराच्या यात्रेतला होम झाला, की मागे एक छोटासा विधी उरतो, भाकणुकीचा. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्यापुढे धान्यं, गूळ, गाजर, बोरं, विड्याची पानं असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाकडे पाठ फिरवतं, बिथरतं की गप्प उभं राहतं, यावरून येत्या सालचा पाऊस आणि बाजारभाव सांगितले जातात. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येतं आणि एरवी कशावरच विश्वास न ठेवणारा भुसार बाजारातला माणूसही ती बातमी वाचतो.

पाऊस आधीच ठरलेला असेल तर वासराला विचारून उपयोग काय? आणि ठरलेला नसेल तर वासराला तरी तो कुठून कळणार? त्या गर्दीत ही शंका मी एकदा शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बोलून दाखवली. तो म्हणाला, "पाऊस ठरलेला असू द्या की. आपण तूर लावायची का मका, ते कुठं ठरलंय?"

युरोपात याच कोड्यासाठी एक गाढव प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातल्या बुरिदान या फ्रेंच पंडिताच्या नावावर ते खपवलं जातं, त्याच्या स्वतःच्या लिखाणात मात्र ते सापडत नाही. दोन सारख्या पेंढ्यांच्या बरोबर मध्ये उभं असलेलं हे गाढव कुठल्या पेंढीकडे वळावं याला कारण न मिळाल्यामुळे उपाशी मरतं. सोलापूरचं वासरू आजवर तसं मेल्याचं ऐकिवात नाही.

सोलापूर चार भाषांचं गाव. नशिबासाठी चारही भाषांत शब्द तयार आहेत आणि बहुतेक शब्दांत ते कपाळावर लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये ‘हणेबरह’, तेलुगूत ‘तलरात’. उर्दूत ‘तकदीर’, म्हणजे मापून दिलेलं. मराठीत पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तिची गैरसोय नको म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. ती काय लिहिते हे कुणालाच वाचता येत नाही, ही त्यातली खरी सोय.

पण याच गावातल्या विणकर पद्मशाली समाजाचं दैवत मार्कंडेय आहे. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. मृकंडू ऋषींना शंकराने विचारलं होतं, मुलगा मूर्ख आणि दीर्घायुषी हवा, की गुणी पण सोळाच वर्षं जगणारा? आईबापांनी दुसरा मागितला. सोळावं सरलं तेव्हा यमाचा पाश आला, पोराने शिवपिंडीला मिठी मारली आणि शंकराने यमालाच आडवं केलं. या एका कथेत नेमून दिलेलं आयुष्य आहे, त्याच्या आत आईबापांची निवड आहे आणि शेवटी नेमलेलंच रद्द होणं आहे. हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांनी ही कथा जपली, यात मला नवल वाटत नाही.

प्रश्न तसे दोन आहेत, पण एकमेकांत अडकलेले. जगात वाईट आलं कुठून? आणि वाईट करणारा ते आपल्या मर्जीने करतो, की त्याच्याकडून करवून घेतलं जातं? देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे आणि जगात वाईट आहे, ही तीन वाक्यं एका घरात नांदत नाहीत. एकाला बाहेर काढावं लागतं. जरथुष्ट्राच्या धर्माने पहिल्यातलं थोडं सोडलं. अहुर मज्द चांगला, पण त्याच्यासमोर अंग्र मैन्यू ही वाईटाची स्वतंत्र शक्ती उभी, आणि माणसाने बाजू निवडायची. अद्वैताने तिसऱ्या वाक्याची धार बोथट केली. वाईट व्यवहारात खरं, परमार्थात नाही. दुसरं वाक्य सोडायला कुठलाच धर्म अधिकृतपणे तयार नसतो. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला की आमच्याकडचा शेतकरी ते सोडतो, पण तेवढ्यापुरतंच.

वैदिक परंपरेचं ठरलेलं उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. देवावर दोन आरोप आहेत, पक्षपाताचा आणि निर्दयतेचा. बचाव असा, की देव प्राण्यांच्या कर्माप्रमाणे फळ देतो, स्वतःच्या लहरीने नाही. शंकराचार्यांनी इथे पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सगळ्या रानावर सारखाच पडतो, साळ उगवायची की जव ते बियाणं ठरवतं. मग विरोधक विचारतो, पहिल्यांदा सृष्टी झाली तेव्हा कुणाचंच कर्म नव्हतं, मग विषमता कशी आली? उत्तर येतं, पहिल्यांदा असं काही नव्हतंच. संसार अनादि आहे.

हे ‘अनादि’ प्रकरण मला लहानपणी पळवाट वाटायचं. आता तसं वाटत नाही. सुरुवात सांगता येत नाही, हे सरळ कबूल करण्यात एक सभ्यपणा आहे. पण पावसाच्या दाखल्यात एक गोष्ट सुटते. जमीन सगळ्यांना सारखी मिळालेली नसते. माळदांडी ज्वारी काळ्या रानात उभी राहते आणि मुरमाड माळावर तेच बियाणं जळतं. दाखला रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बियाणं आणि पाऊस होता, सातबारा नव्हता.

देवच नसेल तर देवावरचा आरोपही उरत नाही. जैनांनी हा मार्ग घेतला, आणि त्या विचाराचं एक मोठं केंद्र सोलापुरात आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृती संरक्षक संघाच्या ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथ छापून जगभर पोचवले. जैनांच्या लेखी कर्म हा पदार्थ आहे, सूक्ष्म पुद्गल. तेल लागलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसा तो राग-द्वेषाने ओलसर झालेल्या जीवाला चिकटतो. त्याचे आठ प्रकार, त्यांचे पुन्हा पोटभेद, एखाद्या चोख रोजकीर्दीसारखे.

याच मालेत १९४९ साली कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलक’ काव्यावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. सोमदेवाने हे काव्य ९५९ साली लिहिलं. त्यातली यशोधर राजाची कथा या प्रश्नाच्या मुळाशी जाते. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नाही आणि आईला तर बळी हवाच आहे. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरीही मायलेक पुढचे कितीतरी जन्म मोर, कुत्रा अशा योनींतून मारले जात फिरतात, कारण सुरी चालली तेव्हा मनात मारणं होतं. सुरी पिठात गेली याला हिशेबात जागा नाही. आजही कोहळा कापताना ही कथा आठवली तर हात क्षणभर थांबतो.

आणि समंतभद्र आचार्यांनी दैव आणि पौरुष यांचं भांडण फार पूर्वीच मोजक्या श्लोकांत मिटवून ठेवलंय. सगळं दैवानेच होत असेल, तर ते दैव पूर्वी प्रयत्नाने कसं तयार झालं? सगळं प्रयत्नानेच होत असेल, तर राबणारा प्रत्येक प्राणी यशस्वी का होत नाही? म्हणून न ठरवता जे घडलं ते दैवाच्या खात्यात आणि ठरवून केलेलं पौरुषाच्या खात्यात, असा त्यांचा निवाडा आहे. तरी भांडण मिटलं नाही ते नाहीच. विसाव्या शतकात कानजी स्वामींनी ‘क्रमबद्ध पर्याय’ मांडला, म्हणजे द्रव्याच्या पुढच्या सगळ्या अवस्था ओळीने लागलेल्याच असतात, आणि दिगंबर समाजात त्यावरून वर्षानुवर्षं वाद रंगले.

आता ज्याची ही यात्रा, त्या सिद्धरामाकडे येतो. सोलापूर म्हणजे त्याचं सोन्नलगी. बाराव्या शतकात त्याने इथे तळं खोदलं, देवळं बांधली, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. सत्कर्माचा एवढा मोठा ठेकेदार दुसरा दाखवता येणार नाही. आणि त्याच्या दारात अल्लमप्रभू येऊन उभा राहिला. हा प्रसंग पंधराव्या शतकातल्या कन्नड ‘शून्यसंपादने’त आहे. अल्लमाने तळ्यावर राबणाऱ्यांना विचारलं, तुमचा तो वड्डर कुठे आहे? आपल्या गुरूला माती उपसणारा म्हटल्यावर माणसांनी दगड उचलले. सिद्धराम आला तो संतापून. अल्लम शांत. मग त्याने सिद्धरामाला दाखवून दिलं, की तळं तू खोदलंस खरं, पण ‘मी खोदलं’ हे तळ्याहून खोल गेलंय. पुढे सिद्धराम त्याच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेला आणि चन्नबसवण्णांकडून त्याने इष्टलिंगाची दीक्षा घेतली.

वाईटाच्या उगमाची चर्चा सहसा खुनी, चोर, व्यभिचारी यांच्यापासून सुरू होते. अल्लमाने ती गावातल्या सर्वांत भल्या माणसापासून सुरू केली. अल्लमासारख्या शरणांच्या मते बंधन घालणारं मूळ कृत्याच्या आधीच असतं, आणि चांगल्या कृत्यातही ते तितक्याच आरामात राहतं. स्वर्ग-नरक मेल्यानंतरची गावं आहेत हेही त्यांना मान्य नव्हतं. बोलण्यात-वागण्यात ते इथेच घडतात. जन्मावर पाप-पुण्य ठरत नाही म्हटल्यावर पुढचं पाऊल आपोआप पडलं. कल्याणला ब्राह्मण आणि चांभार घरांत सोयरीक झाली आणि त्या लग्नाने राज्य हादरलं. यात्रेत आपण जो सोहळा करतो तो सिद्धरामाच्या योगदंडाच्या लग्नाचा. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, लाखो लोक हात जोडतात. अल्लमाने केलेला अपमान मात्र यात्रेत कुठे साजरा होत नाही. मला विचाराल तर त्याचाही एक दिवस हवा होता.

पश्चिमेकडे उगमाची गोष्ट सांगितली जाते ती आज्ञाभंगाची. आदमपुढे झुकायला इब्लीसने नकार दिला, मी आगीचा आणि हा मातीचा, म्हणून. म्हणजे पहिलं पाप जन्माच्या गर्वाचं, हे आपल्या समाजाने जरा थांबून ऐकण्यासारखं. इस्लामी पंडितांत मुअतझिला पंथाने माणसाला त्याच्या कृत्याचा कर्ता मानलं, नाहीतर शिक्षा अन्यायाची ठरते म्हणून. दहाव्या शतकातल्या अशअरींनी मधली वाट काढली. कृत्य निर्माण अल्लाह करतो, माणूस ते ‘कमावतो’. या कमाईला ‘कस्ब’ म्हणतात. अशअरींनी आपल्या गुरूला घातलेलं तीन भावांचं कोडं तर कुठल्याही धर्माच्या माणसाची झोप उडवील. एक भाऊ ईमानदार म्हणून मेला, एक काफिर म्हणून, एक लहानपणीच गेला. लहान्याने तक्रार केली, मला वरची जागा का नाही? मोठा झाला असतास तर बिघडला असतास, म्हणून तुझ्या भल्यासाठी आधीच उचललं, असं उत्तर मिळालं. तेवढ्यात नरकातून दुसरा भाऊ ओरडला, मग मला का नाही लहानपणी उचललंस? इथे गुरू गप्प झाले, अशी कथा आहे.

ख्रिस्ती परंपरेत ऑगस्टिनने वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नाकारलं. अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, तसं ते चांगल्याचा अभाव. पण आदमचं पाप वंशाने उतरतं हेही त्यानेच पक्कं केलं, आणि सोळाव्या शतकात कॅल्विनने त्याचं टोक गाठलं. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवलं आहे.

हे आपल्याकडे नाही, असं म्हणायची घाई नको. सोलापुरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मंगळवेढा आहे. द्वैतमताचे थोर टीकाकार जयतीर्थ हे परंपरेने या गावचे. त्यांचे मूळ आचार्य मध्व यांनी जीवांचे स्वभावतःच तीन वर्ग मानले होते. काही मुक्तीला योग्य, काही कायम संसारात फिरणारे आणि काही तमालाच योग्य, ज्यांचा अंधार कधी संपायचा नाही. मध्वांची बाजू समजून घेतली पाहिजे. वाईटाचं मूळ जीवाच्या स्वभावात ठेवलं की देवाचे हात स्वच्छ राहतात, आणि स्वभाव देवाने घडवलेला नसून अनादि आहे. तर्क बिनतोड आहे. तो ऐकताना अंगावर काटा येतो तो तर्कामुळे नव्हे, ‘तमोयोग्य’ म्हणून बोट कुणाकडे रोखलं जाईल या शंकेमुळे.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. या प्रश्नाचंही ते कोठारच आहे. कान्होपात्रा याच गावची. गणिकेच्या पोटी जन्म, म्हणजे आयुष्य लिहिलेलंच होतं. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरपूरला गेली आणि विठोबाच्या पायाशी तिने देह ठेवला. आणि याच मातीत चोखामेळा १३३८ साली गेला. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना ती कोसळली आणि तो खाली सापडला. ज्या भिंतीच्या बाहेर त्याने राहायचं होतं, तीच बांधताना.

चोखोबांच्या नावावर असा एक अभंग आहे, ज्यात आपल्या जन्माचं कारण ते मागच्या जन्मातल्या कृष्णनिंदेत शोधतात. कर्मसिद्धांताचा हा अगदी शास्त्रशुद्ध वापर. बायको सोयराबाईला हे पटलेलं दिसत नाही. विटाळ शरीरातच जन्मतो, मग विटाळाशिवाय देह कुणाचा, असा तिचा सवाल आहे. आणि मुलाचं नाव काय, तर कर्ममेळा. या कर्ममेळ्याने सगळा हिशेब उलटा देवाच्या अंगावर टाकला. जात तू दिलीस, उष्ट्यावर आम्हाला तू वाढवलंस, लाज कुणी बाळगायची? बाप, आई आणि मुलगा, एका घरात वाईटाच्या उगमाची तीन उत्तरं.

मी बरीच वर्षं असं मानत होतो, की कर्मसिद्धांत प्रथमपुरुषी चांगला आणि तृतीयपुरुषी वाईट. ‘माझं मी भोगतोय’ म्हणणारा माणूस स्वतःला सावरतो. ‘त्याचं तो भोगतोय’ म्हणणारा दुसऱ्याच्या जखमेवरून पाय उचलून पुढे जातो. हे सूत्र बरंचसं उपयोगी आहे. पण चोखोबांपाशी ते अडखळतं. ते ‘मी’च म्हणत होते. तो ‘मी’ त्यांना कुणी शिकवला होता?

त्याच मंगळवेढ्यात पंधराव्या शतकात दामाजीपंत होते. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली आणि या अधिकाऱ्याने बहामनी सरकारची धान्याची कोठारं उघडून दिली. पुढे विठू महाराच्या रूपात देवाने बिदरला जाऊन पैसे भरले, ही कथा घरोघरी माहीत आहे. कथेत जे नाही तेही पाहण्यासारखं आहे. उपाशी माणसांना कोठाराच्या दाराशी कुणी पूर्वजन्म विचारला नाही. दामाजीपंतांचं प्रारब्ध काय होतं याचीही चर्चा नाही. किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि त्यांनी ती फिरवली, एवढंच.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात हाच पेच सोडवायला घेतला. ‘गीतारहस्या’चं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असंच आहे, आणि मराठीत या विषयावर त्याच्या तोडीचं लिखाण माझ्या वाचनात नाही. देह, मन आणि बुद्धीसुद्धा प्रकृतीच्या साखळीत बांधलेली, पण आत्मा त्या साखळीबाहेरचा. तो बुद्धीला आतून टोचतो आणि तेवढी फट माणसाला पुरते, अशी टिळकांची मांडणी. गीतेचं स्वतःचं धोरणही दुहेरी आहे. अठराव्या अध्यायात कृष्ण आधी म्हणतो, नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. लगेच पुढे म्हणतो, विचार कर आणि तुला हवं ते कर. ज्ञानेश्वरांनी या सगळ्यातून पसायदानापर्यंत येताना दुष्टांच्या नाशाची मागणीच केली नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, इतकंच मागितलं. वाकडी तार सरळ करता येते, हे गृहीत धरल्याशिवाय असं दान मागता येत नाही.

बाबासाहेबांनी मात्र फट न शोधता साखळीच तोडली. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्माच्या कर्माने या जन्मीचं दैन्य समजावणं साफ नाकारलं. अशा शिकवणीचा उपयोग एकच, राज्याला आणि समाजाला गरिबाची जबाबदारी झटकता येते, हा त्यांचा रोख. कर्म म्हणजे याच जन्मातलं कृत्य आणि त्याचा नैतिक व्यवस्थेवर होणारा परिणाम, एवढंच त्यांनी ठेवलं. कर्ममेळ्याच्या प्रश्नाला सहाशे वर्षांनी मिळालेलं हे उत्तर. मधल्या काळात, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहावं लागलं, तेव्हा चोखोबांच्या माणसांना विठोबाच्या देवळाचं दार उघडलं.

माणसाने न केलेल्या वाईटाचं काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा सोलापूरकर अंगणात धावले होते. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. १७५५ साली लिस्बनमध्ये भूकंप झाला तोही संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना, आणि युरोपातल्या पंडितांचा देवाच्या कारभारावरचा विश्वास त्याने हलवला. आपल्याकडे १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. रवींद्रनाथांनी जाहीरपणे विरोध केला. किल्लारीनंतरही पापाची चर्चा झालीच, पण हजारो माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आल्याने. भूगर्भाला नीतीशी देणंघेणं नसेल. घर कशाचं बांधायचं हा निर्णय मात्र माणसाचा, आणि तोही ऐपतीने बांधलेला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. ‘हा जन्मतःच वाईट’ हे वाक्य सोलापुरात एकदा कायद्याने अमलात आणलं गेलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात आणला. मागचा युक्तिवाद सोपा होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर होणार. म्हणजे साहेबाने आपलाच जातिसिद्धांत आपल्याला परत विकला, वर पोलिसी शिक्का मारून. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, भामटा अशा जमातींची माणसं तारेच्या कुंपणात आणून ठेवली. सोलापूरची ही वसाहत, म्हणजे ‘सेटलमेंट’, इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि काम गिरण्यांत. मालकांना हा खात्रीचा मजूर मिळाला.

ही वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवली. मिशन बोस्टनच्या काँग्रिगेशनल मंडळींचं, म्हणजे कॅल्विनच्या घराण्यातलं. सगळी माणसं आदमच्या पापात जन्मतात, असं मानणाऱ्यांच्या हाती ‘काही माणसं पापात जन्मतात’ असं म्हणणाऱ्या सरकारने किल्ल्या दिल्या. पण मी मिशनऱ्यांना एकदम झोडपणार नाही. सगळेच पापी असतील तर कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा यांत फरक उरत नाही, आणि दोघंही सुधारू शकतात, हेही त्यांच्याच धर्मात बसतं. शाळा, दवाखाना, कामधंदा शिकवणं हे त्यातूनच आलं. सिद्धांत वाईट होता की त्याचा वापर, हे ठरवायला एवढं एक उदाहरण पुरत नाही. कुंपण मात्र कुठल्याही सिद्धांतात बसवता आलं, एवढं दिसतं. कर्माने बसतं, आदमच्या पापाने बसतं, तमोयोग्य म्हणून बसतं, आणि देवधर्म नको असेल तर रक्ताच्या ‘विज्ञाना’नेही बसतं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. सोलापुरात तारा नेहरूंनी स्वतः तोडल्या, अशी आठवण सांगितली जाते. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. सराईत गुन्हेगारांविरुद्धचे नवे कायदे लगेच आले आणि पोलीस चौकीतली नावं फारशी बदलली नाहीत. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. कपाळावरचं पुसता येतं, हे सांगणाऱ्या त्या कथा आहेतच. पुसायला किती हात लागतात आणि पुसलेलं पुन्हा कोण गिरवतं, हेही त्यांत आहे.

गेल्या जानेवारीत यात्रा आटोपून रिक्षाने घरी येत होतो. रिक्षावाला तरुण होता, बोलका. भाकणुकीत यंदा काय निघालं, मी विचारलं. "आपण नाही बघत," तो म्हणाला, "आमच्या घरी वासरू न बघताच सगळ्यांना माहीत असायचं, कोण काय होणार ते." राहतोस कुठे, विचारल्यावर आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा थांबला, आणि म्हणाला, "सेटलमेंट." मग लगेच, मी काही बोलायच्या आतच, "बहीण नर्सिंगला आहे."